दांडी ओढली, पण डोझर वळेना

(द्वितीय वर्ष, कला)

वार्षिक अंकासाठी साहित्य द्यावे अशी सूचना फलकावर लागली तेव्हा आमच्या वर्गातील बहुतेकांनी कविता दिल्या. मला कविता जमत नाही. सरांना तसे सांगितले, तर ते म्हणाले, "तुला जे नीट माहीत आहे त्यावर लिही." विचार करता असे लक्षात आले की मला नीट माहीत असलेली गोष्ट एकच आहे आणि ती म्हणजे चेनचा डोझर. माझे वडील, त्यांना आम्ही आप्पा म्हणतो, गेली बावीस वर्षे डोझरवर ऑपरेटर आहेत. शाळेच्या प्रत्येक उन्हाळी सुट्टीत मी त्यांच्याबरोबर हेल्पर म्हणून गेलो आहे. ग्रीस भरणे, डिझेल गाळणे, चेनमधला चिखल काढणे ही माझी कामे.

मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने क्लचप्लेट आणि ऑईलसील यांवर लिहावे हे काही वाचकांना विचित्र वाटेल. परंतु या यंत्रातला एक बिघाड वेळीच न ओळखल्यामुळे मागील वर्षी आमच्या घरावर एक प्रसंग आला. तो पुढे सांगणारच आहे. त्याआधी हे यंत्र वळते कसे, हे समजून घेऊ.

पिंपळनेरच्या पश्चिमेला नवापूरकडे निघाले की जमीन चढउताराची होत जाते. डोंगरउतारावर भाताची खाचरे, खाली पांझरेच्या काठाने काळी जमीन. खाचर करायचे तर उतार कापून सपाटी करावी लागते, बांध घालावा लागतो. ही कामे पूर्वी बैल आणि माणसे करीत. पुढे डोझर आला. १९६४ साली भारत सरकारने बंगळूर येथे भारत अर्थ मूव्हर्स ही कंपनी स्थापन केली आणि कोलार गोल्ड फील्ड्स येथील तिच्या कारखान्यात जपानच्या कोमात्सु कंपनीच्या सहकार्याने डोझर बनू लागले. आज बारीकसारीक कामाला जेसीबी आणि पोकलेन यांनाच लोक बोलावतात. पण उतार कापून मोठे रान सपाट करायचे असले की शेतकरी अजूनही विचारतो, "चेनवाला भेटेल का?"

सुकाणू नसलेली गाडी

मोटारीला सुकाणूचक्र असते. ते फिरवले की पुढची चाके वळतात. डोझरला चाके नाहीत. दोन्ही बाजूंना लोखंडी पाट्यांची एकेक चेन असते आणि ती चेन जमिनीवर स्वतःच रस्ता अंथरते, त्यावरून चालते आणि मागून तो रस्ता गुंडाळून घेते. अशा गाडीचे तोंड वळवायचे तर एकच उपाय आहे : एका बाजूची चेन दुसऱ्या बाजूपेक्षा हळू चालवायची. बैलजोडी वळवताना शेतकरी एका बैलाचा कासरा ओढून त्याला आवरतो आणि दुसऱ्याला पुढे चालू देतो. येथेही तत्त्व तेच.

हे तत्त्व दिसते साधे, पण माणसाला ते लगेच सुचले नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील स्टॉकटनजवळ बेंजामिन होल्ट याने नोव्हेंबर १९०४ मध्ये आपले चेनचे यंत्र चालवून पाहिले. त्या काळच्या त्याच्या यंत्रांना वळण्यासाठी पुढे एक वेगळे चाक असे. इंग्लंडमधील ग्रँथम येथील हॉर्न्सबी कंपनीच्या डेव्हिड रॉबर्ट्स याने पुढच्या चाकाशिवाय, केवळ दोन चेनांच्या वेगातील फरकाने वळणारे यंत्र त्याच सुमारास बनवले. पुढे हॉर्न्सबीचे पेटंट होल्टने विकत घेतले आणि १९२५ साली होल्ट व बेस्ट या दोन कंपन्या एकत्र होऊन कॅटरपिलर ही कंपनी झाली. कॅटरपिलर म्हणजे सुरवंट. डोझर चढ चढताना पाहिला की हे नाव किती नेमके आहे ते पटते.

आता आतली रचना. इंजिनाची ताकद मुख्य क्लचमधून गिअरबॉक्समध्ये येते. तेथून ती मागच्या बाजूला एका आडव्या शाफ्टवर जाते. या शाफ्टच्या डाव्या आणि उजव्या टोकाला एकेक क्लच बसवलेला असतो. याला वळणाचा क्लच म्हणू. त्यात लोखंडी आणि घर्षणाच्या प्लेटी एकाआड एक रचलेल्या असतात आणि जोरदार स्प्रिंगांनी त्या एकमेकींवर दाबून धरलेल्या असतात. क्लचच्या बाहेरच्या ड्रमवर ब्रेकचा पट्टा असतो. ड्रमच्या पुढे मोठे गिअर, मग दातेरी चाक आणि शेवटी चेन.

ऑपरेटरसमोर दोन दांड्या आणि पायाशी दोन ब्रेक असतात. डावी दांडी ओढली की डाव्या क्लचच्या प्लेटी सुटतात. डाव्या चेनला इंजिनाची ताकद मिळेनाशी होते, उजवी चेन ढकलतच राहते आणि डोझर सावकाश डावीकडे वळतो. आणखी वळवायचा असेल तर दांडी ओढलेली ठेवून डावा ब्रेक दाबायचा. म्हणजे डावी चेन थांबते आणि डोझर जागच्या जागी तोंड फिरवतो. क्रम मात्र पाळायचा : आधी दांडी, मग ब्रेक. सोडताना आधी ब्रेक, मग दांडी. हा क्रम चुकला की इंजिन आणि ब्रेक एकमेकांशी झगडतात आणि पट्टा जळतो.

रोग कोणता, ते कसे ओळखावे

आप्पांची एक पद्धत आहे. डोझर नीट वळेना झाला की ते लगेच पाना हातात घेत नाहीत. आधी यंत्राभोवती एक फेरी मारतात. "पहिले चेन देख, मंग आंगे देख," असे ते मला सांगतात. म्हणजे बाहेरचे आधी, आतले नंतर. वळणाच्या कितीतरी तक्रारी आत नसतातच, त्या चेनमध्ये असतात.

डोझर सरळ चालवताना एका बाजूला ओढत असेल तर पहिल्यांदा दोन्ही चेनांचा ताण पाहावा. पुढच्या मोठ्या चाकापासून वरच्या रोलरपर्यंत चेनवर सरळ लाकडी फळी ठेवायची आणि मध्ये चेन किती लोंबते ते मोजायचे. प्रत्येक यंत्राचे माप त्याच्या पुस्तकात दिलेले असते. मध्यम आकाराच्या यंत्रात ते साधारण २० ते ३० मिलिमीटर असते. महत्त्वाचे म्हणजे दोन्ही बाजू सारख्या हव्यात. चेन ढिली असेल तर ग्रीसगनने ताणाच्या नळकांड्यात ग्रीस भरले की पुढचे चाक सरकते आणि चेन ताणली जाते. फार ताणलेली असेल तर ग्रीसचा व्हॉल्व्ह सैल करतात. येथे एक सूचना जरूर लक्षात ठेवावी. आतले ग्रीस प्रचंड दाबाखाली असते. व्हॉल्व्ह एका फेऱ्याहून जास्त सैल करू नये आणि त्याच्यासमोर तोंड किंवा हात धरू नये.

आपल्या काळ्या मातीची एक खोड आहे. ती दातेरी चाकाच्या दात्यांत आणि चेनच्या कड्यांत जाऊन बसते आणि वाळली की दगडासारखी होते. त्यामुळे सकाळी ढिली असलेली चेन दुपारी आपोआप ताठ होते. म्हणून चिखलात काम असेल तेव्हा ताण चिखल भरलेल्या स्थितीतच मोजावा, धुऊन पुसून नव्हे. चेन फार ढिली असेल तर आडव्या उतारावर वळताना ती उतरते. उतरलेली चेन चढवण्यात चार माणसांचा अर्धा दिवस जातो, हे स्वानुभवाने सांगतो.

चेन ठीक असेल तर पाते पाहावे. पात्याचे एक टोक खाली झुकले असेल किंवा एकाच बाजूला माती साचत असेल तर डोझर तिकडेच ओढणार. त्यात क्लचचा दोष नाही.

हे सर्व पाहून झाल्यावर आतल्या भागाकडे वळावे. आता तीन परीक्षा सांगतो. त्या सपाट, मोकळ्या जागेवर, जवळ कोणी उभे नसताना कराव्यात.

पहिली परीक्षा : पाते वर उचलून, मातीचा भार न घेता डोझर सरळ चालवावा. तरीही तो डावीकडे ओढत असेल तर डावा ब्रेक चिकटत असण्याची शक्यता अधिक. थोडे चालवून थांबावे आणि दोन्ही बाजूंच्या ब्रेकच्या घरांजवळ हात न लावता धग पाहावी. एक बाजू दुसरीपेक्षा फार तापली असेल तर पट्टा सैल करण्याची गरज आहे.

दुसरी परीक्षा : पाते जमिनीत घालून भार घ्यावा. रिकामा सरळ चालणारा डोझर भार येताच डावीकडे ओढू लागला तर डावा क्लच घसरतो आहे. प्लेटी पकड धरीत नाहीत, त्यामुळे डाव्या चेनला पूर्ण ताकद पोचत नाही. दांडीला थोडी मोकळीक आहे ना, हे आधी पाहावे. मोकळीक अजिबात नसेल तर क्लच कायम अर्धवट सुटलेला राहतो, आणि हा दोष केवळ नट फिरवून जातो. मोकळीक बरोबर असेल तर एकतर प्लेटी झिजल्या आहेत किंवा त्यांवर तेल आले आहे.

तिसरी परीक्षा, डोझर वळतच नसेल तेव्हाची : दांडी पूर्ण ओढावी, मग त्याच बाजूचा ब्रेक हळूहळू दाबावा आणि कान इंजिनाकडे द्यावा. ब्रेक दाबताच इंजिनाचा आवाज दबला, ते कण्हू लागले, तर क्लच सुटलेला नाही. ब्रेक थेट इंजिनाशी लढतो आहे. दांडीची मोकळीक वाजवीपेक्षा जास्त झाली असेल, दांडीला तेलाच्या दाबाची मदत असलेल्या यंत्रात तेल कमी असेल वा फिल्टर चोंदला असेल, किंवा पावसाळाभर उभ्या राहिलेल्या यंत्रात कोरड्या प्लेटी गंजून एकमेकींना चिकटल्या असतील. उलट, ब्रेक दाबूनही इंजिनाचा आवाज बदलला नाही आणि डोझरही वळला नाही, तर क्लच सुटतो आहे, पण ब्रेकचा पट्टा धरीत नाही. पट्टा आवळावा, आवळायला जागा उरली नसेल तर बदलावा.

या तिसऱ्या परीक्षेत हत्यार म्हणून फक्त कान लागतो. मला ती सर्वांत आवडते.

उतारावरचा उलटा न्याय

आता सांगतो तो बिघाड नव्हे, पण तो बिघाड समजला तर जीव जातो.

मी अकरावीत होतो. एका संध्याकाळी काम आटोपल्यावर आप्पांनी मला डोझर उतारावरून खाली घ्यायला दिला. ते शेजारी उभे होते. डाव्या हाताला बांध होता, उजव्या हाताला ओघळ. मला थोडे डावीकडे जायचे होते, म्हणून मी डावी दांडी ओढली. डोझर उजवीकडे वळला. मला वाटले दांडी कमी ओढली, म्हणून आणखी ओढली. तो आणखी उजवीकडे, ओघळीच्या दिशेने गेला. आप्पा ओरडले, "सोडी दे! दुसरी वढ!" आणि माझा हात बाजूला सारून त्यांनी उजवी दांडी ओढली. डोझर डावीकडे आला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. यंत्र बिघडले असे मी धरून चाललो होतो. ते बिघडलेले नव्हते. सपाटीवर इंजिन चेनला ढकलते, पण उतारावर यंत्राचे वजन चेनला ढकलते आणि इंजिन तिला आवरून धरते. अशा वेळी डावी दांडी ओढली की डाव्या चेनवरचा इंजिनाचा आवर सुटतो. ती मोकळी होऊन अधिक वेगाने धावते आणि यंत्र उजवीकडे वळते. म्हणून इंजिनाच्या आवरावर उतार उतरताना, ब्रेक न लावता वळायचे असेल, तर ज्या बाजूला वळायचे तिच्या उलट दांडी हळूच ओढावी. पुढे पात्यासमोर मातीचा भार असेल आणि इंजिनाला ढकलावे लागत असेल, तर मात्र नेहमीचाच न्याय लागू. कोणता न्याय केव्हा, हे इंजिनाच्या आवाजावरून कळते : ते ओढते आहे की अडवते आहे.

मागील वर्षीचा प्रसंग

मागील उन्हाळ्यात आप्पा चालवीत असलेला डोझर भार घेतला की डावीकडे ओढू लागला. मालकांनी तो एका वर्कशॉपमध्ये दाखवला. तेथे डाव्या क्लचच्या प्लेटी बदलल्या. दोन महिन्यांत पुन्हा तीच तक्रार. वर्कशॉपचे म्हणणे असे पडले की ऑपरेटर दांडी अर्धवट ओढून चालवतो, त्यामुळे प्लेटी जळतात. मालकांनी ते मानले. आप्पांचा दोन महिन्यांचा पगार अडकला आणि त्याहून वाईट म्हणजे गावात बोलणे झाले की याच्या हाताला क्लच टिकत नाही. ऑपरेटरच्या हाताबद्दल असे एकदा पसरले की त्याला दुसरे यंत्र मिळत नाही. आप्पा घरी काही बोलले नाहीत. जेवून बाहेर ओट्यावर बसून राहायचे.

मालकांच्या घरी यंत्राचे पुस्तक होते. ते इंग्रजीत. आप्पांचे शिक्षण चौथीपर्यंत; आमच्या घरात महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. मी ते पुस्तक मागून आणले आणि शब्दकोश शेजारी घेऊन चार रात्री वाचले. वळणाच्या प्रकरणात एक वाक्य सापडले. या यंत्राचा वळणाचा क्लच कोरडा आहे. त्याच्या घराच्या तळाशी एक भोक आहे. पाण्यात किंवा चिखलात काम असेल तेव्हाच त्याला बूच लावावे, एरवी बूच काढून ठेवावे. म्हणजे आत झिरपलेले तेल साचणार नाही, बाहेर पडेल आणि दिसेल.

मी ते वाक्य मराठीत आप्पांना वाचून दाखवले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बूच मीच लावलं होतं. भाताच्या रानात." पावसाळ्यात लावलेले बूच काढायचे राहून गेले होते.

दुसऱ्या दिवशी मालकांना समोर उभे करून आम्ही ते बूच काढले. तळाशी धरलेल्या डब्यात काळे, जाड तेल पडू लागले आणि डबा भरला. मधल्या गिअरच्या बाजूचे ऑईलसील गेले होते. तेल क्लचमध्ये झिरपत होते, आतच साचत होते, नव्या प्लेटीही त्यातच भिजल्या होत्या. प्लेटी बदलून उपयोग नव्हता. सील बदलायला हवे होते. ते बदलले, प्लेटी धुऊन वाळवून पुन्हा बसवल्या आणि डोझर भारावरही सरळ चालू लागला. मालकांनी पगार दिला. दोष सर्वस्वी दुसऱ्यांचा होता असे मी म्हणणार नाही. बूच आमच्याकडून राहिले होते. पण आप्पांच्या हाताचा दोष नव्हता, हे त्या डब्याने सिद्ध केले. (ज्या यंत्रांचे क्लच तेलातच चालतात त्यांना ही परीक्षा लागू नाही. तेथे आत तेल असायचेच.)

बर्फातील भाऊबंद

हे लिहिताना वाचनालयात थोडे अधिक शोधले. चेनच्या गाड्या फक्त मातीत नव्हे, बर्फातही चालतात. अंटार्क्टिकावरील भारताच्या ‘मैत्री’ केंद्रावर, जे १९८९ सालापासून आहे, चेनच्या बर्फगाड्या वापरतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या स्टुडबेकर कंपनीने ‘वीझल’ नावाची बर्फावरची चेनगाडी बनवली. तिलाही दोन दांड्याच होत्या, पण तिच्यात वळणाचे क्लच नव्हते. एका बाजूचा ब्रेक आवळला की ती बाजू मंद होई आणि गिअरांच्या रचनेमुळे दुसरी बाजू तितकीच जलद होई. दोन्ही चेना सतत इंजिनाशी जोडलेल्या राहत, त्यामुळे उतारावर उलटा न्याय तिला लागू नव्हता. मात्र तिचे सगळे वळण ब्रेकच्या पट्ट्यांवर अवलंबून. पट्टे तेलकट झाले किंवा झिजले की दांडी कितीही ओढा, गाडी वळणार नाही. आजही कोणी तशी जुनी गाडी दुरुस्त करायला घेतली तर त्याला आधी चेनचा ताण, मग कड्यांत गोठलेला बर्फ, मग पट्टे, असेच पाहावे लागेल. आमच्या काळ्या मातीच्या जागी तेथे बर्फ, एवढाच फरक. पहिले चेन देख, मंग आंगे देख.

शेवटी

आप्पांना हे सारे ठाऊक होते, एक वाक्य सोडून. कान, हात आणि बावीस वर्षे यांतून त्यांनी ते मिळवले. जे एक वाक्य ठाऊक नव्हते ते त्यांना वाचता न येणाऱ्या भाषेत छापलेले होते. यंत्र आपल्या शिवारात येते, त्याचे पुस्तक मात्र मालकाच्या कपाटात राहते. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी कोणी पंपावर आहे, कोणी ट्रॅक्टरवर, कोणी गिरणीत. त्यांच्या यंत्रांचीही पुस्तके असतील. सुट्टीत एकदा ती मागून आणावीत आणि घरी मोठ्याने, आपल्या भाषेत वाचून दाखवावीत, एवढीच माझी विनंती आहे. कला शाखेत शिकून काय करणार, असे मला गावात विचारतात. सध्या तरी माझ्याजवळ हे एक उत्तर आहे.

त्या डोझरचे बूच आता मी एका दोरीने आप्पांच्या सीटमागे बांधून ठेवले आहे. पावसाळा लागला की लावायचे, आणि दसऱ्याला यंत्राची पूजा करण्यापूर्वी आठवणीने काढायचे, असे आमचे ठरले आहे.